अँटिसायकॉटिक औषधे आणि शरीराच्या हालचाली : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुराव्याने न हलणारी चुकीची खात्री म्हणजे भ्रम आणि प्रत्यक्षात नसलेले आवाज ऐकू येणे किंवा दृश्ये दिसणे म्हणजे भास. ही लक्षणे ज्या औषधांनी आटोक्यात येतात त्यांना अँटिसायकॉटिक औषधे म्हणतात. १९५२ मध्ये पॅरिसमधील सेंत-आन रुग्णालयात झाँ दले आणि पिएर दनिकेर या मनोविकारतज्ज्ञांनी क्लोरप्रोमाझिनचा गुण नोंदवला, तेव्हापासून स्किझोफ्रेनियासारख्या आजारांच्या उपचाराचे स्वरूपच पालटले. मात्र या औषधांबरोबर हालचालींचे काही त्रासही आले. मेंदूतील डोपामिन हे रसायन एका मार्गाने भ्रम-भासांशी निगडित असते, तर दुसऱ्या मार्गाने स्नायूंच्या हालचालींचे नियमन करते, आणि औषध पहिल्या मार्गावर डोपामिनची क्रिया अडवताना दुसऱ्या मार्गावरही ती अडवते. हे त्रास ओळखता येतात आणि बहुतेकांवर उपाय आहेत. त्यांच्याविषयीच्या गैरसमजांमुळे मात्र रुग्णाचे दुहेरी नुकसान होते.

गैरसमज : मान वाकडी होणे, डोळे वर चढणे ही बाहेरची बाधा, फिट किंवा नाटक असते.

वस्तुस्थिती : औषध सुरू केल्यावर किंवा त्याची मात्रा वाढवल्यावर, बहुधा पहिल्या काही दिवसांतच, मान, जबडा, जीभ किंवा डोळ्यांचे स्नायू एकाएकी आखडतात, या अवस्थेला तीव्र डिस्टोनिया म्हणतात. तरुण पुरुषांमध्ये आणि हॅलोपेरिडॉलसारख्या प्रभावी जुन्या औषधांच्या इंजेक्शननंतर तिचा धोका अधिक असतो. फिटमध्ये शुद्ध हरपू शकते, येथे मात्र रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो, त्याला वेदना होतात आणि तो घाबरलेला असतो. योग्य इंजेक्शन दिल्यास बहुधा अर्ध्या तासाच्या आत आराम पडतो. क्वचित स्वरयंत्राचे स्नायू आखडून श्वास अडतो, म्हणून अशा रुग्णाला अंगारा-धुपाऱ्यात वेळ न घालवता तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

गैरसमज : रुग्ण एका जागी बसत नाही, सारख्या येरझाऱ्या घालतो, म्हणजे आजार वाढला.

वस्तुस्थिती : असे कधी कधी आजारामुळे होते, परंतु औषध सुरू झाल्यावर किंवा वाढवल्यावर काही दिवसांत ते सुरू झाले असेल, तर अकथिशियाची शक्यता आधी तपासावी लागते. अकथिशिया म्हणजे पाय हलवत राहण्याची अनावर गरज आणि तिच्यासोबतची असह्य आंतरिक बेचैनी होय. ती आजार समजून औषधाची मात्रा वाढवली तर बेचैनी आणखी वाढते. तिच्यामुळे रुग्ण औषधच नाकारू लागतो आणि तीव्र अवस्थेत आत्मघाताचे विचारही येऊ शकतात, म्हणून हा गैरसमज या यादीत सर्वांत घातक ठरतो. मात्रा कमी करणे, औषध बदलणे किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखे औषध देणे हे उपाय डॉक्टर करू शकतात, परंतु त्यासाठी ‘आतून कसे वाटते’ हा प्रश्न रुग्णाला विचारला गेला पाहिजे.

गैरसमज : हात थरथरू लागले आणि चाल मंदावली, म्हणजे कंपवात जडला आणि तो आता कायमचा राहणार.

वस्तुस्थिती : औषधजन्य पार्किन्सनिझममध्ये कंप, स्नायूंची ताठरता, मंद हालचाल आणि निर्विकार चेहरा ही लक्षणे साधारणपणे काही आठवडे ते काही महिन्यांत दिसतात, आणि बहुतेक रुग्णांत मात्रा कमी केल्यावर किंवा औषध बदलल्यावर ती हळूहळू ओसरतात. काही वृद्ध रुग्णांत मात्र ती टिकून राहतात, कारण त्यांच्यात मूळ कंपवात आधीपासून दडलेला असू शकतो. निर्विकार चेहऱ्याला नैराश्य किंवा आळस समजून रुग्णाला बोल लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

गैरसमज : मात्रा जितकी जास्त, तितका गुण अधिक.

वस्तुस्थिती : डोपामिन पेशीवरील ज्या जागांना चिकटून काम करते त्यांना ग्राही म्हणतात. मेंदूच्या प्रतिमांवर आधारित अभ्यासांनुसार डी-२ प्रकारचे सुमारे ६५ टक्के ग्राही व्यापले गेले की बहुतेक औषधांचा गुण दिसू लागतो, आणि हे प्रमाण सुमारे ७८ ते ८० टक्क्यांपलीकडे गेले की हालचालींचे त्रास वाढतात. या दोन मर्यादांच्या मधली जागा अरुंद असल्यामुळे, परिणामकारक ठरेल अशी कमीत कमी मात्रा शोधणे हेच उपचाराचे कौशल्य ठरते.

गैरसमज : नव्या औषधांनी असे त्रास होतच नाहीत.

वस्तुस्थिती : नव्या पिढीच्या औषधांत हे प्रमाण सामान्यतः कमी असते, शून्य नसते. रिस्पेरिडोनची मात्रा वाढली की ताठरता येऊ शकते आणि ॲरिपिप्राझोलने अकथिशिया होऊ शकतो, तर क्लोझापिन आणि क्वेटियापिन यांत हालचालींचा त्रास सर्वांत कमी आढळतो. डोपामिन अडवणारी औषधे केवळ मनोविकारांवरच वापरली जातात असेही नाही. उलटीवरील मेटोक्लोप्रमाइड आणि ॲसिडिटीच्या काही संयुक्त गोळ्यांतील लेवोसल्पिराइड ही भारतात सर्रास वापरली जाणारी औषधेही हेच त्रास देऊ शकतात, म्हणून पोटाच्या गोळ्यांचा उल्लेखही डॉक्टरांकडे करावा.

गैरसमज : जीभ-ओठांच्या चाळ्यांवर कंपाची गोळी घेतली की झाले.

वस्तुस्थिती : महिने किंवा वर्षे औषध घेतल्यानंतर ओठ, जीभ, जबडा किंवा बोटांच्या अनैच्छिक हालचाली सुरू होतात, त्यांना टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. वाढते वय, स्त्री असणे आणि मधुमेह यांसह अनेक घटक हा धोका वाढवतात. कंपासाठी दिले जाणारे ट्रायहेक्सीफेनिडिल या हालचाली वाढवू शकते. शिवाय ते तोंड कोरडे पाडते, बद्धकोष्ठ करते आणि वृद्धांची स्मृती बिघडवते, म्हणून ते सर्वांना सरसकट देऊ नये, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९० मधील तज्ज्ञांचा सल्ला आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये व्हॅलबेनाझिन आणि ड्यूटेट्राबेनाझिन या दोन औषधांना या विकारासाठी मान्यता मिळाली, तरीही काहींत हालचाली कायम राहतात, म्हणून त्या लवकर ओळखणे हाच सर्वांत भक्कम बचाव आहे.

गैरसमज : त्रास झाला की गोळ्या बंद कराव्यात.

वस्तुस्थिती : अचानक बंद केल्यास आजार उलटू शकतो आणि दडलेल्या अनैच्छिक हालचाली उफाळून येऊ शकतात, म्हणून औषधातील बदल डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने करावे लागतात. तीव्र ताप, अंगाचा कमालीचा ताठरपणा, घाम आणि शुद्ध हरपत जाणे ही लक्षणे एकत्र आली, तर ती न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम या दुर्मिळ पण प्राणघातक अवस्थेची असू शकतात. अशा वेळी औषधाचा पुढचा डोस न देता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

या सर्वांसाठी औषध सुरू करण्यापूर्वीच रुग्णाच्या हालचालींची तपासणी नोंदवून ठेवणे आणि ठरावीक काळाने ती पुन्हा करणे ही डॉक्टरांची जबाबदारी आहे. उद्भवू शकणाऱ्या त्रासांची माहिती आधीच दिली तर रुग्ण घाबरून औषध सोडेल, ही भीती बाळगून माहिती लपवली जाते, तेव्हा त्रास सुरू झाल्यावर घरच्यांचा विश्वास उडतो आणि उपचारच खंडित होतो. ज्या कुटुंबाला मान आखडणे, बेचैनी आणि ताठरता यांची नावे आणि उपाय आधीच ठाऊक असतात, ते ती लक्षणे दिसताच डॉक्टरांशी संपर्क साधते आणि रुग्ण उपचारात टिकून राहतो.