फार्मव्हिलची शाळा

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला, असे आम्ही एकदा इतिहासाच्या तासाला सांगत होतो. तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, ‘‘सर, मग दुसऱ्या दिवसापासून सगळी मुले एकाच शाळेत जाऊ लागली का?’’ पाठ्यपुस्तकात हा विषय एका वाक्यात आटोपलेला होता आणि आमचे उत्तरही त्याहून फारसे लांब नव्हते. त्या दिवशी जे उत्तर द्यावयास हवे होते, ते येथे देण्याचा विचार आहे.

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली, आणि १८६८ सालच्या चौदाव्या घटनादुरुस्तीने कायद्याचे समान संरक्षण सर्वांस मिळाले. परंतु १८९६ साली, रेल्वेच्या डब्यात कोणी कोठे बसावे यावरून होमर प्लेसी यांचा जो खटला झाला, त्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, दोन वर्णांची व्यवस्था वेगळी असली तरी घटनेचा भंग होत नाही. त्यातून ‘वेगळे पण समान’ हे सूत्र रूढ झाले. न्यायमूर्ती हार्लन यांनी तेवढे भिन्नमत नोंदविले. दक्षिणेकडील राज्यांनी या सूत्रातील पहिला शब्द तंतोतंत पाळला आणि शेवटच्या शब्दाकडे पाठ फिरविली.

त्या सूत्राचे प्रत्यक्ष रूप पाहावयाचे तर व्हर्जिनिया राज्याच्या प्रिन्स एडवर्ड परगण्यातील फार्मव्हिल या गावी जावे. तेथे कृष्णवर्णीय मुलांसाठी रॉबर्ट रसा मोटन हायस्कूल होते. सुमारे १८० मुलांसाठी १९३९ साली बांधलेल्या या शाळेत १९५० च्या सुमारास साडेचारशेहून अधिक मुले शिकत होती. जागा पुरेना, तेव्हा अधिकाऱ्यांनी आवारात डांबरी कागदाने मढविलेल्या लाकडी खोल्या उभ्या केल्या. हिवाळ्यात शेगडीजवळची मुले उकाड्याने हैराण होत, तर दूरची मुले अंगात कोट घालून धडे गिरवीत. व्यायामशाळा, भोजनगृह, प्रयोगशाळा यांपैकी काहीच तेथे नव्हते. गोऱ्या मुलांच्या शाळेत या साऱ्या सोयी होत्या.

२३ एप्रिल १९५१ रोजी या शाळेतील बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने संप घडवून आणला. त्या दिवशी मुख्याध्यापक बॉइड जोन्स यांना दूरध्वनी आला की, आपल्या शाळेची काही मुले बसस्थानकावर अडचणीत सापडली आहेत. ते लगबगीने तिकडे गेले. इकडे सर्व वर्गांस सभागृहात जमण्याची सूचना गेली, आणि व्यासपीठावर मुख्याध्यापकांऐवजी बार्बरा उभी राहिली. शिक्षकांस बाहेर जाण्याची विनंती करून तिने मुलांसमोर संपाचा प्रस्ताव मांडला. तो दूरध्वनी अर्थातच खोटा होता. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसणाऱ्या आम्हांस ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा क्षणभर राग आला, हे कबूल केले पाहिजे. मग ध्यानात आले की, मुख्याध्यापकांस या कटातून बाहेर ठेवण्यात त्यांचा बचावही होता. तरीही तो पुरा पडला नाही; पुढे त्यांची नोकरी गेलीच. बार्बरालाही सुरक्षिततेसाठी अलाबामातील चुलत्यांकडे पाठविण्यात आले.

मुलांची मूळ मागणी साधी होती: आम्हांस नवी इमारत द्या. त्यांनी साहाय्यासाठी ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ या संस्थेच्या वकिलांकडे धाव घेतली. ऑलिव्हर हिल व स्पॉट्सवुड रॉबिन्सन या दोघा वकिलांनी एकच अट घातली. चांगल्या पण वेगळ्या शाळेसाठी आम्ही भांडणार नाही. वेगळेपणच रद्द करा असे म्हणणार असाल, तर खटला चालवू. मुले व पालक यांनी ते मान्य केले, आणि एका महिन्याच्या आत ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला.

या अटीचे मर्म पुढच्या घटनेने उघड केले. १९५३ साली परगण्याने कृष्णवर्णीयांसाठी खरोखरच नवी, प्रशस्त इमारत बांधून दिली. ‘समान’ हा शब्द आता विटांपुरता तरी खरा होऊ लागला होता. मग तक्रार कोणती उरली? या प्रश्नाचे उत्तर सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्या न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी दिले. कॅन्सस, साऊथ कॅरोलिना व डेलावेअर येथील खटल्यांबरोबर फार्मव्हिलच्या खटल्याचा निर्णय करताना न्यायालयाने एकमताने सांगितले की, इमारती, पुस्तके, वेतने सारखी केली तरी केवळ वर्णावरून मुलास बाजूला काढण्याने त्याच्या मनात हीनतेची भावना रुजते; सार्वजनिक शिक्षणात वेगळेपण हीच असमानता होय.

येथे गोष्ट संपावी, असे वाटते. परंतु ती संपत नाही. १९५५ साली अंमलबजावणीचा आदेश देताना न्यायालयाने तारीख घालून दिली नाही. ‘विचारपूर्वक पण त्वरेने’ अशा आशयाची मोघम शब्दयोजना केली. व्हर्जिनियाच्या पुढाऱ्यांनी त्यातील विचार घेतला व त्वरा सोडली. अखेर १९५९ साली शाळा एकत्र करण्याची वेळ आली, तेव्हा प्रिन्स एडवर्ड परगण्याच्या कारभाऱ्यांनी शाळांसाठी कर बसविण्याचेच नाकारले. कर नाही म्हणजे पैसा नाही, आणि पैसा नाही म्हणजे शाळा नाही. परगण्यातील एकूण एक सार्वजनिक शाळेस कुलूप लागले. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली, आणि तिच्या फीसाठी काही काळ सरकारी अनुदानही मिळाले. कृष्णवर्णीय मुलांपैकी काही परगावी नातेवाइकांकडे गेली, काही चर्चच्या तळघरांतील वर्गांत बसली, पुष्कळ घरीच राहिली. ही स्थिती वर्ष-सहा महिने नव्हे, पाच वर्षे टिकली.

ही हकीकत वाचताना आम्हां सीमाभागातील वाचकांस आपल्या शेजारच्या धारवाडची आठवण व्हावी. तेथील सरकारी शाळेत १८५६ साली एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो नाकारला; कारण असे की, एकास घेतले तर बाकीचे निघून जातील व शाळा निरुपयोगी होईल. १८५८ साली कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या असल्याचे स्पष्ट केले. तरी त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्यास घरून आणलेल्या गोणपाटावर, इतरांपासून दूर बसावे लागले. धारवाडात ज्याची भीती सांगितली गेली, ते फार्मव्हिलमध्ये हाताने घडवून आणले गेले. दोन्हीकडे तर्क एकच: शेजारी बसण्यापेक्षा शाळा नसलेली बरी.

फार्मव्हिलचे कुलूप शेवटी न्यायालयासच काढावे लागले. १९६३ च्या सप्टेंबरात देणग्यांवर चालणाऱ्या मोफत शाळा सुरू झाल्या. आणि १९६४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने परगण्यास सार्वजनिक शाळा पुन्हा उघडावयास लावल्या. विलंबाची मुदत संपली आहे, असे त्या वेळी न्यायमूर्ती ब्लॅक यांनी बजावले. ज्यांचे शिक्षण बुडाले त्यांच्यासाठी व्हर्जिनिया राज्याने २००४ साली शिष्यवृत्ती सुरू केली, तोवर त्यांच्यातील पुष्कळांचे केस पिकले होते. मोटन हायस्कूलची जुनी इमारत आज संग्रहालय आहे.

तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे: नाही, दुसऱ्या दिवशी नाही, दहा वर्षेपर्यंत नाही. न्यायालय हक्क सांगू शकते. परंतु शाळा चालते ती दरवर्षी बसविलेल्या करावर आणि दररोज उघडणाऱ्या दारावर. ज्याला आपल्या मुलाशेजारी दुसऱ्याचे मूल खपत नाही, तो ते दार उघडू देत नाही. १९५९ साली जे मूल पहिलीत जावयाचे होते, ते १९६४ साली अकरा वर्षांचे झाले होते. हजेरीपटावर त्याचे नाव कोणत्या इयत्तेत घालावे, हा प्रश्न तेथील शिक्षकांस पडला असेल. आम्हांसही त्याचे उत्तर सुचत नाही.