दिल्ली ते काठमांडू: अंतर किती, वेळ किती?

समजा, तिकिटावर दिल्लीहून सुटण्याची वेळ सकाळी १०.०० आणि काठमांडूला पोचण्याची ११.५५ छापली आहे. प्रवास एक तास पंचावन्न मिनिटांचा, असं आपण सहज धरून चालतो. खरं तर तो एक तास चाळीस मिनिटांचाच आहे. हा हिशेब क्रमाने करू.

आधी अंतर. दोन विमानतळांमधलं हवाई अंतर, म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं जवळात जवळचं अंतर, सुमारे ८१५ किलोमीटर आहे. रस्त्याने ते हजाराच्या वर जातं. कुठे ४४० असा आकडा दिसला तर तो सागरी मैलांचा समजावा. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. साधा मैल समजून गुणाकार केला, तर शंभरेक किलोमीटर कमी भरतात.

आता वेग. जेट विमान उंचीवर ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणून तासाभरात पोचायला हवं, असं वाटतं. पण तो वेग थोडाच वेळ मिळतो. चढण्यात आणि उतरण्यात बराच वेळ जातो. शिवाय वेळापत्रकातली वेळ जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची असते. दिल्लीत धावपट्टीपर्यंत जायलाच कधी कधी पंधरा-वीस मिनिटं लागतात.

वाटही सरळ नसते. नकाशावर रेघ मारली तर ती पश्चिमेकडून नेपाळात शिरते. विमानं मात्र बहुधा दक्षिणेकडच्या सिमऱ्यावरून आत येतात आणि मग उत्तरेला वळतात.

सगळ्यात जास्त अनिश्चितता काठमांडूच्या आकाशात असते. त्रिभुवन विमानतळ सुमारे १,३४० मीटर उंचीवर, चारी बाजूंनी डोंगर असलेल्या खोऱ्यात आहे. धावपट्टी एकच. गर्दी झाली किंवा हिवाळ्यात सकाळी धुकं असलं, की विमानांना वर घिरट्या घालत थांबावं लागतं. म्हणूनच हिवाळ्यात सकाळी लवकरचं विमान टाळावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ती पंधरा मिनिटं. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशाची, तर नेपाळची गौरीशंकर शिखराजवळच्या ८६ अंश १५ मिनिटे रेखांशाची. त्यामुळे नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं. जाताना छापील वेळांच्या फरकातून पंधरा मिनिटं वजा करावीत, येताना मिळवावीत. घोटाळा बहुतेक येतानाच होतो. काठमांडूहून दुपारी १.०० ला निघून दिल्लीला २.४० ला पोचणारं विमान दिसायला एक तास चाळीस मिनिटांचं, पण लागतात एक तास पंचावन्न. त्यातच हिवाळ्यात पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. जाताना ते पाठीशी असतात, परतताना समोरून येतात.

मुंबईहून दिल्लीत विमान बदलणार असाल, तर हा फरक फक्त शेवटच्या टप्प्याला लावायचा.

काठमांडूहून पुढे पोखऱ्याचं विमान धरायचं असेल, तर इमिग्रेशन करून, सामान घेऊन वेगळ्या इमारतीतल्या देशांतर्गत टर्मिनलला जावं लागतं. मध्ये निदान तीन-चार तास ठेवावेत. आणि निघण्यापूर्वी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र बॅगेत आहे ना, हे पाहावं. बहुतेक प्रौढांना या प्रवासासाठी नुसतं आधार कार्ड चालत नाही.