आधी कपाट, मग पॉलिसी

मार्च 1964 मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले आणि वेताळ, मँड्रेक ही मंडळी मराठी घरांत येऊ लागली. 1967 साली अनंत पै यांची ‘अमर चित्र कथा’ आली, 1976 मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आणि 1980 मध्ये ‘टिंकल’. पुण्याशेजारचे पिंपरी-चिंचवड हे कारखान्यांचे शहर घडले तेही याच सुमारास. 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात बजाज आणि टेल्को आल्या, त्यांच्यामागोमाग वसाहती वाढल्या आणि 1982 मध्ये महानगरपालिका झाली. ‘इंद्रजाल’ 1990 मध्ये बंद पडले. त्यामुळे एखाद्या घरात त्याचे मराठी अंक ओळीने राखलेले असतील, तर ते पुन्हा दुकानातून आणता येणार नाहीत. अशा संग्रहाची किंमत कळू लागली की पहिला प्रश्न विम्याचा निघतो. प्रश्न रास्त आहे, पण क्रम चुकतो. कपाट नीट नसेल आणि यादी केलेली नसेल, तर पॉलिसीचा उपयोग फार थोडा.

याचे कारण कागदातच आहे. त्या काळची बहुतेक स्वस्त कॉमिक्स वर्तमानपत्री जातीच्या कागदावर छापलेली असत. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या या कागदात लिग्निन राहते. उजेड आणि हवा लागून ते पिवळे पडते, आम्ल वाढते आणि कागदाचे तंतू तुटू लागतात. जुना अंक हातात घेतला की हे दिसतेच: पानांच्या कडा तपकिरी, मधोमध स्टेपलच्या तारेभोवती गंजाचा डाग आणि कोपरा जरा दुमडला तरी तुकडा हातात. हवेतील आर्द्रता बराच काळ 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, कसर लागते. भोसरी किंवा चाकणसारख्या ठिकाणी वाहनांच्या आणि कारखान्यांच्या धुरातले वायूही आम्लात भर घालतात. हे नुकसान सावकाश होणारे आहे, आणि विमा असतो अचानक घडणाऱ्या घटनेसाठी. झीज, ओल, कसर, वाळवी यांची भरपाई साधारणपणे कुठलीच पॉलिसी देत नाही. म्हणजे ज्या शत्रूंपासून संग्रहाला रोजचा धोका आहे, त्यांच्याविरुद्ध कपाट हाच विमा.

ते कपाट कसे असावे, हे पिंपरी-चिंचवड ते चाकण या कारखान्यांच्या पट्ट्याला शिकवायला नको. चाकणच्या कारखान्यातला स्टोअरकीपर सुट्या भागांना जी शिस्त लावतो, तीच इथे हवी: प्रत्येक वस्तूला क्रमांक, ठरलेली जागा आणि ओलीपासून बचाव. प्रत्येक अंक पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशवीत, मागे आम्लमुक्त पुठ्ठा घालून उभा ठेवावा. पीव्हीसीची पिशवी, चिकटपट्टी आणि लॅमिनेशन कटाक्षाने टाळावे. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे आणि खालचा कप्पा जमिनीपासून उंच असावा. माळ्यावर स्लॅबची उष्णता असते, न्हाणीघराच्या भिंतीला ओल असते, म्हणून या दोन्ही जागा नकोत. एक साधा आर्द्रतामापक आत ठेवावा. काटा 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास राहिला तर उत्तम. निर्यातीच्या खोक्यांत घालतात त्या सिलिका जेलच्या पुड्या इथेही चालतात, फक्त दाण्यांचा रंग पालटला की बदलाव्यात. धातूला गंज लागू नये म्हणून वापरतात तो रसायन लावलेला कागद मात्र कॉमिक्सना गुंडाळू नये. पवना, मुळा किंवा इंद्रायणीच्या काठी राहणाऱ्यांनी आपली इमारत निळ्या आणि लाल पूररेषेच्या कुठल्या बाजूला आहे ते पाहावे आणि तळमजल्यावर संग्रह ठेवूच नये.

एवढे झाल्यावर पॉलिसीकडे वळावे. विमा नियामक प्राधिकरणाने 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आणली. आग, भूकंप, वादळ, पूर, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणे, हे सारे तिच्यात येते. पण तीन गोष्टी नीट वाचाव्यात. मूळ पॉलिसीत चोरीची भरपाई मिळते ती आग-पुरासारख्या विमाकृत घटनेमुळे सात दिवसांच्या आत झालेल्या चोरीचीच. साध्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. दुसरे, हस्तलिखिते आणि कागदपत्रे स्पष्ट उल्लेखाशिवाय वगळलेली असतात, म्हणून आपले अंक कोणत्या सदरात धरले आहेत ते कंपनीकडून लेखी घ्यावे. तिसरे, दागिने, चित्रे, दुर्मीळ वस्तू यांच्यासाठी आधी ठरवलेल्या किमतीवर विमा घेण्याचा पर्याय आहे. संग्रहासाठी तोच मागावा, कारण नवा अंक विकत आणून भरपाई करणे इथे शक्यच नाही. किंमत ठरवायला पुरावा लागतो: अंकाचा क्रमांक, वर्ष, भाषा, मुखपृष्ठाचे आणि दोषांचे फोटो, खरेदीची पावती, तशाच प्रतीच्या विक्रीची नोंद. ही यादी घराबाहेरही एका ठिकाणी ठेवावी, नाहीतर आगीत संग्रहाबरोबर तीही जाईल.

यावर कोणी म्हणेल, बँकेचा लॉकर आहे की! रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांत बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत आहे. भाडे 3,000 रुपये असेल तर भरपाई फार तर तीन लाख. बँकेची हयगय नसेल तर पूर, भूकंप यांची जबाबदारी तिच्यावर नाही. दोन-चार अत्यंत मोलाच्या अंकांना लॉकर ठीक आहे. पण आतली हवा आपल्या हाती नसते आणि शेकडो अंक तिथे मावणारही नाहीत.

दुसरा आक्षेप असा की आपल्याकडे या कागदांना किंमतच काय? सुपरमॅन ज्यात प्रथम अवतरला तो 1938 चा ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक 2024 मध्ये अमेरिकेत 60 लाख डॉलरना विकला गेला. तसा भाव इथे मिळेल असे मुळीच नाही. पण तो भाव टिकलेल्या प्रतीचा आहे. मूळ किंमत होती दहा सेंट. बाकीच्या बहुतेक प्रती फाटल्या, फेकल्या गेल्या. मराठी अंकांचेही तेच झाले आहे, आणि उरलेले मोजके अंक आपल्या बालवाचनाचा दस्तऐवज आहेत. तिसरा आक्षेप जास्त मनापासूनचा: कॉमिक्स वाचायची की कोंडून ठेवायची? वाचायचीच. स्वच्छ, कोरड्या हातांनी, टेबलावर ठेवून वाचावे. ज्याची दुसरी प्रत आहे ती मुलांच्या हाती मोकळेपणाने द्यावी. चांगली पिशवी वाचनाच्या आड येत नाही, फाटलेले पान येते.

राहिला तो धोका, ज्याचा उल्लेख कुठल्याच पॉलिसीत नसतो. मराठी घरांतली बहुतेक जुनी कॉमिक्स पुरात वाहून गेली नाहीत की चोरीला गेली नाहीत. ती रद्दीत गेली. घरातल्या बाकीच्यांना त्यांची किंमत ठाऊक नव्हती म्हणून गेली. यादी इथेही कामी येते. ती विमा कंपनीसाठी जितकी आहे, तितकीच घरातल्या माणसांसाठी आणि पुढच्या पिढीसाठी. पाऊस सरून हवा कोरडी होते ती दिवाळीच्या दिवसांत, आणि घरांची आवराआवरही याच दिवसांत होते. तेव्हा यादीचे पहिले पान याच दिवाळीत लिहावे आणि त्याची एक प्रत घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्यावी.