नदीकाठचा बिनतारी हिशेब

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी ३५ फुटांच्या वर चढले आणि बडोद्यातील अनेक वस्त्या जलमय झाल्या. पावागडाकडून येणाऱ्या या नदीची वार्ता पाण्याच्या आधी शहरात पोचावी, असे कोणाला वाटणार नाही? त्यासाठी एक साधन म्हणजे बिनतारी संवेदकांचे जाळे. विषय विज्ञान शाखेचा खरा, पण त्याचे मर्म आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना परिचित अशा जमाखर्चात आहे.

समजा, काठाने ओळीत दहा संवेदक बसवले. प्रत्येक यंत्र पाण्याची पातळी मोजते व रेडिओने कळवते. त्याची सारी पुंजी म्हणजे एक बॅटरी. तिच्या हिशेबात आकडेमोड स्वस्त आणि बोलणे महाग. पॉटी व कायझर या अमेरिकन संशोधकांनी २००० साली दाखवले, की एक किलोबिट माहिती शंभर मीटर पाठवण्याच्या खर्चात सुमारे तीस लाख गणिती सूचना पार पडतात.

रेडिओचा पल्ला लहान, म्हणून निरोप शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जात शहरातील केंद्रावर पोचतो. सर्व आकडे जसेच्या तसे पुढे ढकलले, तर केंद्राजवळचा संवेदक दहा निरोप पाठवील, त्याच्या मागचा नऊ, असे एकूण ५५. संवेदक शंभर असतील तर ५,०५०! शिवाय केंद्राजवळची बॅटरी सर्वांत आधी संपेल आणि मागची सारी ओळ मुकी होईल.

यावर उपाय एकत्रीकरणाचा. प्रत्येकाने मागून आलेल्या आकड्यात आपला आकडा मिळवून एकच निरोप पुढे द्यायचा. मग दहा संवेदकांना दहा निरोप पुरतात, शंभरांना शंभर. बर्कली येथील संशोधकांनी २००२ साली मांडलेली ‘टॅग’ ही पद्धत याच तत्त्वावर आहे.

मात्र काय मिळवावे, हे जपून ठरवावे लागते. दोन पर्जन्यमापकांची सरासरी १० मिलिमीटर, दुसऱ्या आठांची २० मिलिमीटर. सरासरींची सरासरी १५ येते. खरी सरासरी १८ आहे. म्हणून सरासरी न पाठवता बेरीज आणि संख्या, असे दोन आकडे पाठवतात.

पुराच्या बाबतीत तेवढ्यानेही भागत नाही. तासाभरात नऊ ठिकाणी पाणी एकेक फूट चढले आणि एका ठिकाणी सहा फूट, तर सरासरी वाढ दीड फूटच दिसेल. धोका असलेली वस्ती त्या दीड फुटात दडून जाईल. तेथे सर्वांत मोठा आकडा आणि तो कोणत्या संवेदकाचा, हेच कळवले पाहिजे. तरीही निरोप एकच राहतो.

बॅटरीची काटकसर आवश्यकच आहे, वाचकहो. पण गाळायचे काय, हे ठरवताना नदीकाठी राहणाऱ्या माणसाचा विचार आधी व्हायला हवा.