चिखल्याच्या पायाखालचा भूगोल

महाराष्ट्राचा खडक म्हणजे बेसॉल्ट, असं बहुतेक मुलं पाठ करतात. तुमसर तालुक्यातल्या चिखल्याच्या मुलांनी मात्र आधी गावातला दगड हातात घ्यावा. इथला खडक लाव्हाचा नाही. तो सौसर समूहातला, दख्खनच्या लाव्हाहून कितीतरी जुना. मूळचा गाळ प्रचंड उष्णतेने आणि दाबाने बदलला, म्हणून तो रूपांतरित. त्याच थरांत मँगनीज आहे, पोलादासाठी लागणारं. ‘मॉइल’ या कंपनीची भूमिगत खाण ते काढते. हा धडा शिकवायला याहून चांगली जागा कुठली!

अक्षांशही असाच शिकवावा. गाव साधारण २१.५° उत्तरेला, कर्कवृत्ताच्या दक्षिणेस. म्हणून वर्षातून दोनदा, मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्याला, सूर्य थेट डोक्यावर येतो. जुलैत ढग असतात. म्हणून सुट्टी असली तरी मेमध्येच मुलांना बोलावून मैदानात सरळ काठी रोवावी. तिची सावली बाराच्या ठोक्याला नाही, त्यानंतर आठ-दहा मिनिटांनी नाहीशी होते. आपलं घड्याळ ८२.५° पूर्व रेखावृत्तावर लावलेलं आहे आणि चिखला त्याच्या पश्चिमेला. सूर्याला एक अंश ओलांडायला ४ मिनिटं लागतात.