अंगावरून वारं गेलं तर गाडी कुठं न्यायची?

परभणीकडे लकव्याला ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. वारं म्हटलं की निर्गुंडीचा पाला, तेल आणि झाडपाल्याचं औषध देणारा आठवतो. जिंतूर-गंगाखेडच्या खेड्यांतून शहराचा दवाखाना चाळीसेक किलोमीटर. औषधवाला शेजारच्याच गावात. गाडी तिकडे वळते आणि मोलाचे तास जातात.

गैरसमज : लकवा हा हातापायांचा आजार.
वस्तुस्थिती : लुळा हात पडतो, बिघाड मेंदूत असतो. तिथल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा ती वाहिनी फुटते. मोठी वाहिनी बंद पडली तर मिनिटाला सुमारे 19 लाख मेंदूपेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. म्हणून घरी अ‍ॅस्पिरिनही देऊ नये.

गैरसमज : काढा पाजून बघायला काय जातं?
वस्तुस्थिती : लकव्यात बऱ्याचदा गिळण्याची ताकदही जाते. चमचाभर काढा श्वासनलिकेत उतरला तर न्यूमोनिया होऊ शकतो. बधिर पायाला गरम विटेनं शेकलं तर रुग्णाला चटका कळत नाही. फोड आल्यावरच घरच्यांना समजतं.

गैरसमज : पाल्यानं आमच्याकडे एकाचं तोंड सरळ झालं.
वस्तुस्थिती : झालं असेल. पण नुसतं तोंड वाकडं होणं बऱ्याचदा बेल्स पाल्सी असते. तिच्यात बिघाड चेहऱ्याच्या नसेत असतो आणि दहांपैकी सात जण काही महिन्यांत आपोआप पूर्ण बरे होतात. श्रेय पाल्याला मिळतं. कधी लकव्याची लक्षणंही तासाभरात ओसरतात. तो मोठ्या झटक्याचा इशारा असतो. यातलं काय झालंय, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

गैरसमज : वनौषधी कुणी तपासतच नाही.
वस्तुस्थिती : तपासतात. चीनमध्ये मेंदूत रक्तस्राव झालेल्या 1,641 रुग्णांपैकी काहींना पारंपरिक वनौषधी दिली, काहींना तसंच दिसणारं बिनऔषधी द्रव. 2024 मध्ये निकाल आला : तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांत फरक नव्हता.

पुढं तेल-मालिश करायची तर डॉक्टरांना सांगून करा. रक्तदाबाची गोळी आणि फिजिओथेरपी मात्र सोडू नका. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं, यातलं एकही अचानक दिसलं तर घड्याळात वेळ बघून ठेवा आणि 108 ला फोन लावा. डॉक्टर आधी तीच वेळ विचारतील.