तारेचा ताण

कटकमधल्या तारकशीच्या दुकानात चांदीचे फूल तळहातावर घेतले, तर पाकळ्यांच्या जाळीतून हातावरच्या रेषा दिसतात. ओडिशातल्या या शहरात असा दागिना पत्र्यातून कापत नाहीत की साच्यात ओतत नाहीत. सगळे काम तारेचे. जाड तारेची चौकट आणि तिच्या पोटात बारीक तारेची भरणी.

सुरुवात जंतरापासून होते. या पोलादी पट्टीला उतरत्या मापाची भोके असतात. चांदीच्या कांबीचे टोक कानशीने निमुळते करायचे, मेण लावायचे, टोक भोकातून पलीकडे काढून सांडशीत पकडायचे आणि ओढायचे. शेवया साच्यातून दाबून काढता येतात. तार दाबली तर वाकते, तिला ओढावेच लागते. मग त्याहून लहान भोक, मग त्याहून लहान. जाडी निम्मी झाली की लांबी चौपट होते. एक ग्रॅम शुद्ध चांदीची 0.6 मिलिमीटर जाडीची तार सुमारे 34 सेंटिमीटर भरते, 0.3 मिलिमीटरची सुमारे 135.

पण दरवेळी ओढताना तार ताठरत जाते आणि हट्टाने ओढत राहिले तर तुटते. म्हणून मध्येमध्ये ती तापवून मऊ करतात. सुटी बारीक तार ज्योतीत धरली तर एखाद्या ठिकाणी चटकन वितळेल. त्यासाठी तिचे घट्ट वेटोळे करायचे, म्हणजे आच सगळीकडे सारखी लागते.

भरणीसाठी दोन बारीक तारा एकमेकींत पिळतात आणि तो पीळ रुळांमधून काढून चपटा करतात. या पट्टीच्या कडेला बारीक दाणे उठतात. तारकशीची चमचम त्या दाण्यांची. प्रत्येक दाणा वेगळ्या कोनातून उजेड परतवतो. पिळण्यात आणि चपटे करण्यात तार पुन्हा थोडी ताठरलेली असते. आता मात्र तो ताठरपणा कारागिराला हवाच असतो.

तो चिमट्याच्या टोकाभोवती तार गुंडाळतो, वेटोळे पाकळीच्या चौकटीत उतरवतो आणि चिमटा सोडतो. वेटोळे किंचित उलगडते आणि चौकटीला आतून टेकते. डाग, म्हणजे तारा सांधणारा मिश्रधातू, लागेपर्यंत भरणी जागेवर राहते ती याच ताणावर. तार फार मऊ असती तर वेटोळे सैल पडले असते. फार ताठ असती तर उसळून बाहेर आले असते.

चिमट्याची टोके बारीक आणि आतून गुळगुळीत लागतात. दातेरी पकडीने चांदीवर ओरखडे उठतात, आणि जाळीच्या आत कानस पोचत नाही. पत्र्याच्या दागिन्यात जे नंतर घासून झाकता येते, ते इथे आधीच टाळावे लागते.

डाग देणे हा सगळ्यात जोखमीचा टप्पा. डागाची पूड टाकणखारात मिसळून जाळीवर भुरभुरवतात आणि वरून ज्योत फिरवतात. शुद्ध चांदी 962 अंश सेल्सिअसला वितळते, डाग त्याच्या आधी. पण बारीक तार पटकन तापते, चौकट उशिरा. ज्योत आधी चौकटीवर फिरवायची आणि जाळीवर ओझरती न्यायची. डाग पाण्यासारखा चमकून सरकला की त्याच क्षणी बाजूला घ्यायची. या आचेत तार पुन्हा मऊ होते, म्हणून सपाट पाकळीला त्यानंतर दाबून खोलगट आकार देता येतो. काळवंडलेला दागिना सौम्य आम्लातून काढून रिठ्याच्या पाण्याने घासला की उजळतो.

अशा सुट्या पाकळ्या, चकत्या आणि पट्ट्या जोडून मोठ्या वस्तूही उभ्या राहतात. कोणार्कच्या चाकाच्या प्रतिकृती, ओडिसी नर्तकींचे दागिने आणि दुर्गापूजेत देवीच्या मागे उभारली जाणारी चांदीची मेढ, या सगळ्यांत हीच तार असते.

कटकच्या ‘रूपा तारकसी’ला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बाजारात साच्यातून काढलेल्या नकलाही येतात. त्या ओळखायच्या तर दागिना उलटा करून भिंगाखाली धरावा. ओतीव कामात वेटोळ्यांमधल्या फटी बुजलेल्या असतात आणि पीळ नुसता उठावात दिसतो. हातच्या कामात दोन तारा जिथे एकमेकींवरून जातात ती खाच दिसते, आणि वेटोळे चौकटीला जिथे टेकले तिथे डागाचा बारीकसा ठिपका.